निंबतळ्याच्या शाळेखालचा खडक

१

माझी नात रुपाली बाळंतपणाला माहेरी आली आणि तिला जुळं झालं, त्या सालची ही गोष्ट. त्या साली आमच्याकडं दोनदा भुई हलली. दुसऱ्या धक्क्याला दोन्ही पाळणे आपोआप झुलले. घरातल्या बाया आधी हसल्या, मग काय झालं ते कळलं तशा पोरांना उचलून अंगणात पळाल्या.

त्यानंतर काही महिन्यांनी, डिसेंबरातल्या एका सोमवारी, बालाजीच्या बोअर मशीननं निंबतळ्याच्या शाळेमागं भोक पाडलं आणि माझी वही खोटी निघाली.

वहीप्रमाणं तिथं एक परस काळी माती आणि त्याखाली खडक होता. एक परस म्हणजे हात वर करून उभा राहिलेला माणूस, सात फुटांच्या आसपास. बालाजीचं भोक सत्तावीस फूट गेलं तरी खडक लागला नाही. दर तीन फुटांची माती त्यानं वेगळ्या पिशवीत भरून शाळेच्या ओट्यावर ओळीनं मांडली होती. नऊ पिशव्या, आणि नवांत काळीच.

राजेश्री मॅडम ओट्यावर बसल्या होत्या. मांडीवर माझ्या वहीच्या फोटोचा कागद होता. त्यांच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"आजोबा," त्या म्हणाल्या, "एक तर तुमची वही चुकली, नाहीतर बालाजीची मशीन. दोन्ही खरं असू शकत नाही."

मॅडम भूकंपाच्या अभ्यासासाठी आल्या होत्या. सेलूत दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहत होत्या. त्यांचं काम त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. सगळ्या जिल्ह्याच्या जमिनीच्या चौकटी पाडायच्या. प्रत्येक चौकटीत वरून खाली काय आहे, माती, मुरूम का खडक, ते कॉम्प्युटरला सांगायचं. मग त्याच्या आत खोटे भूकंप करायचे, शेकड्यांनी, आणि कुठली चौकट किती हलते ते बघायचं. खडकावरचं घर कमी हलतं, खोल काळीवरचं जास्त. पुण्यातलं एक मोठं कॉम्प्युटर मशीन त्यांना फक्त नऊ दिवस मिळणार होतं. त्या नऊ दिवसांत काय काय करायचं याचा आराखडा शुक्रवारी, वीस तारखेला, पाठवायचा होता. चौकट अर्धी केली की मशीनचं काम सोळापट वाढतं, असं मॅडम म्हणत. म्हणून बारीक चौकटी फक्त चाळीस गावांना द्यायच्या होत्या, जिथं माती खोल असेल त्यांना. आणि त्या गावांतल्या शाळा आधी तपासून पक्क्या करून द्यायच्या, असं ठरलं होतं.

आमच्या शाळेच्या भिंतीला दुसऱ्या धक्क्यात हात जाईल एवढी भेग पडली होती. आत एकशे बारा पोरं बसतात. वहीतला खडक खरा धरला तर निंबतळा त्या चाळिसांत येत नव्हता.

"आणि वही खोटी धरली तर?" मी विचारलं.

"तर सगळीच सोडावी लागेल. एका बोअरवर गाव ठरत नाही, आणि तुमच्या वहीवर मी अकरा गावं घेतली आहेत. एक पान खोटं निघालं तर बाकीच्या पानांवर कुणाच्या भरवशावर सही करू?"

"बाकीच्या चार ठिकाणी बोअर घेतले, ते जुळले की."

"जुळले. म्हणून तर तुमच्याशी बोलतेय. नाहीतर गुपचूप वही परत केली असती." त्यांनी कागद माझ्या हातात दिला. "गुरुवारपर्यंत वेळ आहे. मला ह्या गावातलं कुणी काही सांगणार नाही. तुम्हीच शोधा."

मी कागद डोळ्यांजवळ नेला. एक ठिपका, त्याखाली पाच फुल्या. हात माझाच दिसत होता. पण ती विहीर खोदताना मी पाच परस खडक फोडला होता, हे मला आठवत नव्हतं.

२

वहीचं आधी सांगतो. मी तीस वर्षं विहिरी खोदल्या. अक्षरं मला सत्तेचाळिसाव्या वर्षी आली. त्याआधी वही होती, पण अक्षरं नव्हती, खुणा होत्या. ठिपका म्हणजे एक परस काळी. गोल म्हणजे मुरूम. फुली म्हणजे खडक. वर मालकाची खूण, कुणाचं बाभळीचं झाड, कुणाची खाट. दिनकररावांची खूण एकशिंग्या बैल होती, कारण तसा बैल त्यांच्याकडं होता. त्यांच्या तीन विहिरी मी खोदल्या, म्हणून एकशिंग्या बैलाची पानं तीन होती. त्यांतलं कुठलं पान कुठल्या विहिरीचं, हे आता मलाही सांगता येत नव्हतं. जुनं निंबतळा धरणात गेलं, नवं गाव शेतांवर वसलं, बांध मोडले, झाडं गेली. मग दिनकररावांनीच नकाशावर बोट ठेवून सांगितलं होतं, की हे पान शाळेजवळच्या विहिरीचं.

वही माझ्या हातून निघाल्यापासून मॅडमनी फोटो काढेपर्यंत तीन ठिकाणी राहिली होती. आधी तीन दिवस दिनकररावांकडं, जागा दाखवायला. मग बालाजीनं ती सेलूला नेऊन जिल्द बांधून आणली, त्यात दोन दिवस गेले. मग चार दिवस समाजमंदिराच्या कपाटात होती. त्याची किल्ली सुगंधाबाईकडं असते. ती तिथं झाडलोट करते आणि चहा करते. फोटोत फुल्या होत्या, म्हणजे पानात कुणी फेरफार केला असेल तर तो ह्या नऊ दिवसांतच.

मी आधी बालाजीकडं गेलो. तो पाथरीचा, मशीन त्याची स्वतःची. वही खोटी ठरली तर मॅडमना गावोगाव नवे बोअर घ्यावे लागले असते, आणि मशीन त्याचीच लागली असती. देवगाव फाट्यावर तो चाकाचं पंक्चर काढून घेत उभा होता.

"या काका, या. चोर पकडायला निघालाव म्हणं."

"तुला कुणी सांगितलं?"

"सुगंधामावशीनं. म्हणली, आमचा ग्यानबादादा आता फौजदार झालाय. चष्मा बदलला का न्हाई अजून?"

"मोतीबिंदू हाय, चष्म्यानं भागत न्हाई. हे बघ." मी वहीचं एक दुसरंच पान उघडून त्याच्यापुढं धरलं. "ह्या फुल्या कशाच्या सांग."

त्यानं वही हातात घेतली, तीही उलटी.

"फेल गेलेल्या विहिरीच्या. पाणी न्हाई लागलं की तुमी फुली मारलीय. अन् गोल हाय ते पाणी लागलेल्या. बरोबर का?"

"अन् ठिपके?"

"ठिपके... ते माशा बसल्या आसतील." तो हसला. मग माझ्या तोंडाकडं बघून हसायचा थांबला. "का हो? चुकलं का?"

चुकलं होतं, आणि मन लावून चुकलं होतं. सोंग घेणारा माणूस 'मला काय ठाऊक' म्हणून मोकळा होतो. बालाजीनं अंदाज केला, आणि अंदाज खरा आहे अशी त्याची खात्री होती. ज्याला फुली म्हणजे खडक हेच ठाऊक नाही, तो खडक दाखवायला फुली कशी काढेल?

"बालाजी, भोक तरी तू सांगितल्या जाग्यावर पाडलं का?"

त्यानं इकडंतिकडं बघितलं. पंक्चरवाला नळीवर थुंकी लावून बघत होता. बालाजी मला धरून मशीनच्या मागं घेऊन गेला.

"जागा बरोबरच हाय, काका. पण मी मॅडमला सगळं न्हाई दाखवलं. मातीत चुन्याचे खडे आले, विटा आल्या. मी येचून फेकल्या. म्हणलं, मॅडम म्हणतील ह्याची मशीनच घाण हाय. अन् हे पण निघालं." त्यानं खिशातून रुमाल काढला आणि उलगडला. "बावीस फुटावर. पोलिसात गेलं तर मशीन अडकती माझी. मी दोन दिसापासून नीट जेवलो न्हाई."

रुमालात हिरव्या काचेच्या बांगडीचा तुकडा होता.

३

बांगडी घेऊन मी आणि मॅडम दिनकररावांकडं गेलो. बुधवारची दुपार होती. ते ओसरीत खुर्चीवर बसले होते. वय ब्याऐंशी, पायाला सूज, अंगावर शाल. गावात त्यांच्या शब्दाला अजून वजन होतं. जुन्या गावाचे ते शेवटचे सरपंच. नव्या गावात शाळेला जागा त्यांनीच दिली.

त्यांनी बांगडीचा तुकडा तळहातावर घेतला आणि लगेच म्हणाले, "हे विहिरीतलं हाय."

"कुठल्या विहिरीतल्या?" मॅडम म्हणाल्या.

"माझ्या. ह्या ग्यानबानं खोदलेल्या. शाळेची जागा सपाट करायची व्हती, तवा मी ती बुजवून टाकली. जुन्या गावातली घरं पाडली, त्याचा मलबा ट्रॅक्टरनं आणून टाकला. काळ्या मातीच्या भिंती, चुना, इटा. त्यात आसल कुणाच्या तरी न्हाणीतली बांगडी. मेलंबिलं कुणी न्हाई बाई, भिऊ नका."

मॅडमनी श्वास सोडला. मीही सोडला.

"मंग ह्याचा अर्थ काय व्हतो," दिनकरराव सावकाश म्हणाले, "मशीन माझ्या बुजवलेल्या विहिरीतच उतरली. आत भराव हाय, म्हणून खडक लागला न्हाई. भोवताली खडक हायेच. ग्यानबाची वही खरी हाय."

"असं असेल तर दोन्ही खरं," मॅडम म्हणाल्या. "वही पण आणि मशीन पण."

"अन् एका विहिरीनं गाव मऊ व्हतं का तुमच्या कॉम्प्युटरात?"

"नाही. विहीर म्हणजे सुईचं भोक. चौकट पाचशे मीटरची असते. शाळेच्या इंजिनिअरला कळवावं लागेल, पण गावाची नोंद खडकाचीच राहील."

"राहू द्या मंग," दिनकरराव म्हणाले आणि डोळे मिटून मागं टेकले.

संध्याकाळी समाजमंदिरात मॅडमनी कॉम्प्युटरवर निंबतळ्यापुढं खडक असं लिहिलं. माझी वही वाचली. अकरा गावं वाचली. मला हलकं वाटायला पाहिजे होतं. पण दिनकररावांनी विहीर बुजवल्याचं आम्ही विचारायच्या आधी सांगितलं होतं. सहा महिने मॅडम त्यांच्या ओसरीत चहा पीत होत्या, नकाशावर बोट ठेवून त्यांनीच जागा दाखवली, तेव्हा बुजवल्याचं एका शब्दानं बोलले नव्हते. म्हातारपणी विसर पडतो, मलाही पडतो, असं मी स्वतःला सांगितलं.

घरी आलो तर रुपाली दोन्ही पोरांना दोन मांड्यांवर घेऊन बसली होती.

"आबा, चोर घावला का?"

"चोरच न्हवता म्हणं."

"मंग तोंड असं का केलंय?"

मी एका पोराला उचलून घेतलं. सुगंधाबाईला विचारायचं अजून राहिलं होतं. ती एकच उरली होती, आणि गावात सगळ्यात मोठ्यानं तीच म्हणत होती, की आता गाव उठवायला कुणी आलं तर त्याच्या डोक्यात पाटी घालीन.

४

गुरुवारी सकाळी सुगंधाबाई समाजमंदिराच्या पायरीवर चहाची भांडी घासत होती. तिनं माझ्याबरोबर बारा वर्षं यारीवर काम केलं. यारी म्हणजे विहिरीतला माल वर ओढायचं लाकडी यंत्र. तिचा नवरा राम खाली सुरुंग भरायचा. दोघांनाही खुणा पाठ होत्या.

"या फौजदार," ती म्हणाली. "बेड्या आणल्या का?"

"वही तुझ्या कपाटात व्हती चार दिस."

"व्हती. अन् मी रोज धूळ पुसली तिच्यावरची. तुमच्या घरात कुणी पुसत नव्हतं."

"उघडली का कधी?"

"मला काय काम न्हाई का दुसरं? आन् उघडली आसती तरी काय, त्या वहीतल्या निम्म्या विहिरी मीच उपसल्यात. ह्या गावाला खडक लागला का माती लागली, मला न्हाई फरक पडत. मी इथनं हलणार न्हाई. एकदा हललेय."

मी पान उघडून तिच्यापुढं धरलं. तिनं हात पदराला पुसले, वही घेतली आणि बघितलं. मग माझ्याकडं बघितलं.

"ही विहीर कशानं फोडली, दादा? दातानं?"

"म्हंजे?"

"पाच फुल्या हायत. अन् काड्या कुठं हायत? खालच्या दोन फुल्यापाशी हायत, बाकीच्या तीन फुल्या बिनसुरुंगाच्या? काळा पाषाण तुमी पहारीनं काढला व्हय?"

मी वही तिच्या हातातून घेतली आणि पायरीवर बसलो.

काड्या म्हणजे सुरुंग. जेवढे सुरुंग पेटवले तेवढ्या बारीक आडव्या काड्या मी त्या फुलीच्या बाजूला ओढायचो. राम ज्या दिवशी गेला त्या दिवशी सात सुरुंग पेटवले होते. वर उभी राहून सुगंधाबाईनं बार मोजले. सहा झाले. ती ओरडली, सहाच, सहाच झालेत, थांबा. राम थांबला नाही. तेव्हापासून वहीत ती आधी काड्या बघायची, मग बाकीचं. मी तीन दिवस नुसत्या फुल्या मोजत बसलो होतो. तिनं एका नजरेत बघितलं.

"तुला ठाऊक हाय ना हे काय झालंय?" मी म्हणालो.

"खोटं केलंय कुणीतरी. ठिपक्यावर फुली मारलीय. चार ठिपके व्हते, त्यातल्या तिनावर मारली. फुलीखाली ठिपका गेला की दिसतोय कशाला?" ती परत भांड्याकडं वळली. मग थांबली. "काय बघायलाव माझ्याकडं? मी केलं आसतं तर काड्या न्हाई का ओढल्या आसत्या?"

ती बरोबर बोलत होती. जिनं एका न मोजलेल्या सुरुंगात नवरा गमावला, ती खडकाची खूण काढताना काड्या विसरणार नाही.

मग मी बोटांवर मोजलं. हे काम अशा माणसाचं, ज्याला ठिपका, गोल आणि फुली ठाऊक आहे, पण काड्या ठाऊक नाहीत. विहिरीचा मालक रोज संध्याकाळी काठावर येतो. आज किती उतरलो, काय लागलं, हे मी त्याला वहीत दाखवतो. ठिपका, गोल, फुली त्याला समजतात. सुरुंगाच्या वेळी मात्र आम्ही सगळ्यांना लांब पिटाळायचो, मालकालासुद्धा. किती पेटवले आणि किती वाजले, हा हिशेब खाली उतरणाऱ्यांचा आणि यारीवरच्यांचा. मालकाला ह्या काड्या म्हणजे वहीवरच्या रेघोट्या.

आणि एकशिंग्या बैलाची पानं तीन होती. शाळेजवळची विहीर कुठल्या पानावर, हे ह्या गावात एकाच माणसाला ठाऊक होतं. बाकीच्या दोन पानांना कुणी हात लावला नव्हता.

मी मॅडमना फोन केला. म्हणालो, "शाळेपासून शंभर पावलं लांब दुसरं भोक पाडायला लावा. विहिरीपासून लांब. आजच."

दुपारी तीन वाजता बालाजीची मशीन अठ्ठावीस फुटांवर गेली आणि किंचाळली. तोवर सगळी काळी होती, अस्सल, कधी कुणी न हलवलेली. चार परस. त्याखाली खडक.

५

मी एकटाच जाणार होतो. मॅडम म्हणाल्या, मीही येते.

दिनकरराव त्याच खुर्चीवर होते. मशीनचा आवाज तिथवर आला असणार. मी वही त्यांच्या मांडीवर ठेवली आणि पान उघडलं. त्यांनी बघितलं नाही.

"कशावरनं वळखलं?" ते म्हणाले.

"सुरुंग न्हाईत, मालक."

"कुठं लिहितोस तू सुरुंग?"

मी काड्यांवर बोट ठेवलं. ते पुढं वाकून बघत राहिले.

"ह्या व्हय," ते म्हणाले. "मला वाटलं तू पेन चालतो का ते बघायलास."

मॅडम हसल्या नाहीत. त्या ओसरीच्या पायरीवरच बसल्या. "काका, तुम्ही शाळेला जमीन दिलीत. त्या शाळेत पोरं बसतात. भेग तुम्ही बघितलीय."

"रोज बघतो. गवंडी सांगून ठेवलाय, संक्रांतीनंतर बुजवून देतो म्हणला."

"भेग बुजवून काय होतं? आख्खी भिंत काळीवर उभी आहे. तुम्ही तिच्याखाली खडक लिहिलात. का?"

दिनकरराव बोलले ते माझ्याशी, मॅडमशी नाही.

"ग्यानबा, जुन्या गावात पयल्यांदा कोण आलं व्हतं, आठवतंय का? दोन पोरं. हातात टेप. लय गोड बोलायची. मी सरपंच. मीच घरोघर हिंडलो, म्हणलं, बाया हो, घाबरू नका, नुसती मोजणी हाय. मंग दारावर लाल रंगानं आकडे टाकले. म्हणलं, तो पण मोजणीचाच भाग हाय. तुझ्या आईनं मला इचारलं व्हतं, दिनकर, खरं सांग, उठावं लागतंय का? मी म्हणलो, न्हाई काकी. माझ्या शब्दावर माणसं गप बसली. अन् सगळं पाण्यात गेलं."

"तुमाला तरी कुठं ठाऊक व्हतं तवा."

"थोडं ठाऊक व्हतं." त्यांनी शाल ओढून घेतली. "मंग ही बाई आली. चांगली हाय, माझ्या पोरीसारखी हाय. पण म्हणली काय? मोजणी. समाजमंदिरात नकाशा लावला. जिथं माती मऊ, ती गावं लाल येतील म्हणली. माणसं माझ्याकडं बघायला लागली. मी पुन्हा म्हणलो, नुसती मोजणी हाय. अन् घरी येऊन मला झोप न्हाई. तुझी वही माझ्याकडंच व्हती. मी म्हणलं, खडकावरचं गाव कोण उठवतंय? ठेवतील की तसंच."

मॅडमनी कपाळ हातात धरलं. "काका, लाल गाव उठवायचं नव्हतं. लाल म्हणजे त्या गावाची शाळा सगळ्यात आधी पक्की करायची. मी सांगितलं होतं."

"कवा?"

"त्याच बैठकीत. नकाशानंतर."

"नकाशानंतर मला काई ऐकू आलं न्हाई, बाई. लाल बघितलं अन् तिथंच थांबलो मी."

आतून कुकरची शिट्टी झाली. मॅडम दमलेल्या आवाजात म्हणाल्या, की चूक त्यांचीही आहे, रंग त्यांनी निवडला होता, निळा घेतला असता तर. दिनकरराव म्हणाले, निळ्याला मी धरणाचं पाणी म्हणलो आसतो. तेव्हा मात्र तिघंही थोडं हसलो.

"आता माझं नाव खराब करा गावात," ते म्हणाले. "करावंच लागंल."

"नाव खराब करायचं नाही," मॅडम म्हणाल्या. "पण नोंद बदलली तर का बदलली, ते आराखड्यात लिहावं लागतं. नाहीतर आख्खी वही जाते. वहीबरोबर तिच्यावरची अकरा गावं पण जातात."

"मंग मी बयान देतो. माझा हात थरथरतो, लिहिणं व्हत न्हाई." त्यांनी माझ्याकडं बघितलं. "तू लिही. येतंय ना आता तुला?"

मी लिहिलं. ते सांगत गेले, मी एकेक अक्षर काढत गेलो. निंबतळा शाळेजवळची विहीर माझी. चार परस काळी, दोन परस खडक. तीन ठिपक्यांवर फुल्या मी मारल्या. ग्यानबाची वही खरी आहे, खोटं माझं आहे. मग मी पेन उचललं.

"विहीर जुन्या गावाच्या भिंतींनी बुजवली, हे पण लिही," ते म्हणाले. "त्या इंजिनिअर सायबाला उपयोग हाय का न्हाई मला ठाऊक न्हाई. पण लिही."

खाली त्यांनी सही केली. सही वाकडी आली, पण दिनकरराव वाचता येत होतं.

६

चाळीस गावांची यादी भरली होती. मॅडमनी रात्रभर बसून खोट्या भूकंपांतले काही कमी केले, मशीनचा थोडा वेळ वाचवला आणि निंबतळा एक्केचाळिसावं गाव म्हणून घातलं. शुक्रवारी दुपारी आराखडा गेला. बालाजीनं मॅडमना आणि मला फाट्यावर भजी खायला घातली, म्हणाला, आता मला झोप लागंल. सुगंधाबाईला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, मला कालच कळलं व्हतं, पण म्हणलं फौजदाराला कशाला लाजवायचं. ती कुणाला बोलली नाही. मीही बोललो नाही. आज लिहितोय, कारण आता लिहायला हरकत उरलेली नाही.

जानेवारीअखेर इंजिनिअर आले. त्यांनी शाळेच्या चार खोल्यांतल्या दोन बंद केल्या. भेगेच्या दोन्ही बाजूंनी लोखंडी टेकू लावले आणि कोपऱ्याखाली खणायचं ठरवलं. तिसरी-चौथीची पोरं समाजमंदिरात बसायला लागली. तिथं गोंगाट फार होतो, आणि सुगंधाबाई त्यांना ओरडते.

इंजिनिअर होते तेवढे दिवस दिनकरराव रोज मला बोलावून एकच विचारायचे. "घरांकडं गेले का रे? दाराबिराला काई लावलं का?"

"न्हाई, मालक. फक्त शाळा बघायलेत."

"खरं सांग."

"खरं सांगतोय."

एक दिवस मी त्यांना हाताला धरून सगळ्या गल्लीतून फिरवलं. घर न घर दाखवलं. सुजल्या पायानं ते प्रत्येक दारापाशी थांबले, दारावरून तळहात फिरवला आणि हात उलटा करून बघितला. कुठल्याच दारावर रंग नव्हता. त्यानंतर त्यांनी मला पुन्हा विचारलं नाही.

दिनकरराव मंगळवारी, ११ मार्च २०२५ रोजी, सकाळी सहा वाजता निंबतळ्यात स्वतःच्या घरी वारले.